घराजवळचा प्राण्यांचा दवाखाना: जायचं कधी आणि बघायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आलंय आणि आधीपासून आठ वर्षांचा एक बोका आहे. चालत जाण्याच्या अंतरावर लहानसा दवाखाना आहे, एक डॉक्टर आणि एक मदतनीस. बऱ्याच लांब मोठं हॉस्पिटल आहे, तिथे सोनोग्राफीपासून ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळं आहे. दोघांना कुठे न्यावं? आणि लसीचा दिवस सोडला तर एरवी जायची गरज असते का?

जवळच्या दवाखान्यात न्या, आणि प्राणी ठणठणीत असताना न्या. मी दोन्हीकडे काम केलंय, त्यामुळे लहान दवाखान्याची तरफदारी करायची म्हणून हे सांगत नाही. मोठ्या ठिकाणची मशीन आज काय आहे ते सांगते. पण तुमच्या बोक्याचं नेहमीचं वजन किती, त्याच्या हृदयाचे ठोके एरवी कसे लागतात, डॉक्टरने पोटाला हात लावला की तो नेहमीच अंग चोरतो की आजच चोरतोय, हे ज्याने त्याला आधी पाहिलंय त्यालाच कळतं. लहान दवाखान्याचं खरं भांडवल म्हणजे तिथल्या नोंदी. प्राणी आजारी पडल्यावरच पहिल्यांदा नेलात तर या नोंदींचं पान कोरं असतं आणि जवळचा डॉक्टरही मग लांबच्या डॉक्टरइतकाच परका ठरतो.

बोक्यापासून सुरुवात करतो, कारण पिल्लाला लोक नेतातच. आठ वर्षांचा बोका मात्र 'त्याला काय धाड भरलीय' म्हणून घरी राहतो. मांजर आजार लपवण्यात पटाईत असतं. ते कण्हत नाही, सहसा लंगडतही नाही. फक्त कपाटावर उडी मारणं सोडून देतं आणि घरातले म्हणतात, आता वय झालं. त्यातल्या बऱ्याच मांजरांचे सांधे दुखत असतात आणि त्यावर उपचार आहेत.

वजनाचंच घ्या. समजा, गेल्या वर्षी कार्डावर 4.6 किलो लिहिलंय आणि आज काटा 4.1 दाखवतोय. अंगावर केस दाट आणि रोज डोळ्यांसमोर, म्हणून घरात कुणालाच फरक जाणवलेला नाही. अर्धा किलोच तर आहे, असं तुम्हीही म्हणाल. पण हे त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त झालं. 60 किलोच्या माणसाचं साडेसहा किलो वजन आपोआप उतरलं तर घरातले त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेतील. इथून पुढे प्रश्न सुरू होतात. पाणी जास्त पितोय का? वाळूतले लघवीचे गोळे पूर्वीपेक्षा मोठे होताहेत का? खातोय नीट, तरी उतरतोय का? भूक वाढूनही वजन उतरत असेल तर थायरॉइड आणि मधुमेह आधी तपासायचे. भूक मंदावली असेल तर किडनी आणि दात. किडनीचं तर असं आहे की रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वर गेलेलं दिसेपर्यंत तिची तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असू शकते. क्रिएटिनिन 1.0 वरून 1.5 वर गेलं तरी बहुतेक लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'च छापून येतं. जुना कागद शेजारी ठेवला तरच ती चढण दिसते. म्हणून सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि शक्य असेल तिथे रक्तदाब तपासून घ्यावा, आणि दहाच्या पुढे सहा महिन्यांतून एकदा नुसती शारीरिक तपासणी तरी करावी, असं मी सांगतो.

मांजर नेणं हेच दिव्य असतं, हे कबूल. त्याचं कारण बहुतेक वेळा कॅरियर, म्हणजे मांजर न्यायचा पिंजरा. एरवी माळ्यावर धूळ खात पडलेला, निघायच्या पाच मिनिटं आधी खाली उतरवलेला आणि बोका बेडखाली. तो कायम बाहेर ठेवा, दार उघडं, आत त्याची नेहमीची चादर. काही आठवड्यांत तो त्यातच झोपायला लागेल. वरचा अर्धा भाग सुटा होणारा कॅरियर असला तर उत्तम. डॉक्टर झाकण काढतो आणि बोका खालच्या भागात बसलेला असतानाच तपासणी उरकते. वाटेत वरून टॉवेल टाका. दवाखान्यात कॅरियर जमिनीवर ठेवू नका, कुत्र्यांच्या नाकासमोर येतो. बाकावर किंवा मांडीवर ठेवा. आणि ज्याला चार जणांनी धरावं लागतं अशा बोक्यासाठी घरूनच द्यायचं शांत करणारं औषध असतं. ते डॉक्टरला विचारा, त्याने वजनावरून ठरवलेल्या डोसनेच द्या. मानगूट धरून टेबलावर दाबून ठेवण्याचे दिवस गेले. कुणी अजून तसं करत असेल तर मी तिथे दुसऱ्यांदा जाणार नाही.

आता पिल्लू. लसीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो: "दोन डोस झालेत, आता बस ना?" बस नाही. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून प्रतिपिंडं मिळतात. ती त्याला जपतात आणि त्याच वेळी लसही निकामी करतात. प्रत्येक पिल्लात ती वेगवेगळ्या वयाला ओसरतात. कुणात आठव्या आठवड्यात, कुणात पंधराव्या. नेमकं कधी, हे बाहेरून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन ते चार आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडेल असं बघायचं. आधीचे डोस हे वेळेआधीचे प्रयत्न असतात, शेवटचा खात्रीचा. तो चुकवलेल्या पिल्लांनाच पुढे बहुधा पार्व्हो (उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणारा विषाणूचा आजार) झालेला दिसतो आणि मालक म्हणतात, लस तर दिली होती. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्याला, मग वर्षाने. पुढचं अंतर लसीवर आणि तिथल्या कायद्यावर ठरतं. लस दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी येणं, उलट्या, गळून जाणं अशी ॲलर्जी क्वचितच होते, पण होते तेव्हा बहुधा लवकरच होते.

जंत हा दुसरा विषय, थोडक्यात सांगतो. कुत्र्याच्या पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे 'आमचं पिल्लू घरातच असतं' याला अर्थ नाही. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर महिन्यातून एकदा, सहा महिने होईपर्यंत औषध द्यायचं. याच जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जातात, त्यामुळे हा खर्च घरातल्या लहान मुलासाठीही आहे.

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवावं का? नको. तीन ते साधारण चौदा आठवडे हाच काळ जग ओळखून घ्यायचा. या काळात माणसं, आवाज, गाड्या, छत्र्या पाहिल्या नाहीत तर पुढे ते प्रत्येक गोष्टीला भुंकतं. उचलून फिरवा, अनोळखी कुत्री हगतात-मुततात तिथे खाली सोडू नका, लसी झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी भेटू द्या. आणि दवाखान्यात विनाकारण न्या. काट्यावर उभं करायचं, वजन लिहायचं, मदतनीसाच्या हातून खाऊ खायचा, घरी यायचं. सुई नाही, थर्मामीटर नाही. अशा तीन-चार चकरा झालेलं कुत्रं पुढे मोठं झाल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसकण मारत नाही. चांगला डॉक्टर अशा चकरेचे पैसे घेत नाही आणि वेळ वाया गेला असंही मानत नाही. पस्तीस किलोचं घाबरलेलं कुत्रं धरण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

दवाखाना चांगला कसा ओळखायचा? भिंतीवरची सर्टिफिकेटं आणि सोफा सोडून द्या. पहिली गोष्ट, प्रत्येक वेळी वजन होतं का आणि लिहिलं जातं का. दुसरी, इंजेक्शन भरण्याआधी तपासणी होते का: तोंड उघडून हिरड्या बघणं, कानात डोकावणं, छातीला स्टेथोस्कोप, पोट चाचपणं, मग ताप. कुत्र्या-मांजराचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं; कुत्र्याचं 101 ते 102.5 फॅरनहाइट हे नेहमीचंच, तेव्हा 'अंग गरम लागतंय' म्हणून धावत आलेल्यांना तसंच परत पाठवणाराही चांगला डॉक्टरच. लसी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. तिथे थर्मामीटर आहे का, हे विचारायला संकोच करू नका. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर कार्डावर चिकटवला जातो का बघा, बॅच नंबर त्यावरच असतो. दोन प्राण्यांच्या मध्ये टेबल पुसलं जातं का, हात धुतले जातात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'हे माझ्याकडे होणार नाही, तुम्ही पुढे जा' असं तो म्हणतो का. हे म्हणणाऱ्या लहान दवाखान्यावर माझा मोठ्या हॉस्पिटलपेक्षा जास्त विश्वास आहे. तो हाताने चिठ्ठी लिहितो, पुढच्या डॉक्टरला फोन करतो, आणि तुम्ही परतल्यावर टाके बघायला, ड्रेसिंग करायला तोच असतो.

धोक्याची खूणही सांगतो. खाज आली की एक इंजेक्शन, दोन दिवसांत आराम, महिन्याने पुन्हा खाज, पुन्हा तेच इंजेक्शन, आणि औषधाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. ते बहुधा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईट नाही, पण पिसवा, गोचीड, खरूज आणि बुरशी यांतलं काय आहे हे न बघता ते देत राहणं वाईट. त्वचा खरवडून काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फार वेळ लागत नाही. मायक्रोस्कोप नुसता शोभेला आहे की वापरून वापरून त्याच्या भिंगावर तेलाचा डाग आहे, हे नजरेने कळतं.

दवाखान्याचं वस्तीशी नातं कुठे दिसतं? पार्व्हो आला की दिसतं. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील तर थेट आत घेऊन जाऊ नका. आधी फोन करा, बाहेर थांबा. डॉक्टर बाहेर येईल किंवा मागच्या दाराने घेईल. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. आधी जागा साबणाने धुवायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, तेव्हा तो मरतो. एका भागातून दोन आजारी पिल्लं आली की जवळच्या डॉक्टरच्या लगेच लक्षात येतं. तो त्या भागातल्या बाकीच्या पिल्लांच्या मालकांना फोन लावतो: उरलेला डोस या आठवड्यातच घ्या, तोवर पिल्लू खाली सोडू नका. लांबच्या हॉस्पिटलात ती दोन पिल्लं दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जातात आणि कुणालाच काही कळत नाही.

रेबीजचं तर गणितच वस्तीचं आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे होतो, आणि वस्तीतल्या 70 टक्के कुत्र्यांना लस दिली तर ही साखळी तुटते. त्या 70 टक्क्यांत तुमचं पाळीव कुत्रं एक; उरलेली रस्त्यावरची असतील तर त्यांची लस कोण देणार? जवळचा डॉक्टर, खाऊ घालणारी चार माणसं आणि एक जाळी, एवढ्यावर हे काम चालतं. तुमच्या डॉक्टरने असा दिवस ठरवला तर कुत्री ओळखणारी माणसं म्हणून जा, त्याला त्याचीच गरज असते.

कुत्रं चावल्यावर जखम नळाखाली साबणाने सलग 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, 15 मिनिटं वाटतात त्याहून फार मोठी असतात. मग माणसांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. आमच्याकडे लोक येतात ते 'कुत्र्याला तपासा, रेबीज आहे का सांगा' म्हणून. जिवंत कुत्र्याची अशी खात्रीची तपासणी नाही. चावलेलं कुत्रं किंवा मांजर 10 दिवस नजरेखाली ठेवतात, कारण लाळेत विषाणू आला की थोड्याच दिवसांत ते आजारी पडून मरतं. 10 दिवस धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा लाळेत विषाणू नव्हता. पण माणसाची लस या 10 दिवसांसाठी थांबवायची नसते. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून जवळजवळ कुणीच वाचत नाही.

आणखी एक गोष्ट वारंवार कानावर येते: घरात सून गरोदर राहिली, आता मांजर सोडून द्या. टोक्सोप्लाझ्माच्या भीतीने; हा मांजराच्या शीतून पसरणारा, पोटातल्या बाळाला त्रासदायक ठरू शकणारा सूक्ष्म परजीवी. मांजराच्या शीतून बाहेर पडलेली ही अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना त्यासाठी किमान एक दिवस लागतो, कधी पाच. म्हणजे वाळूचा ट्रे रोज साफ झाला आणि तो दुसऱ्या कुणी केला, तर प्रश्न बराचसा मिटतो. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी यांतून होणारा धोका घरातल्या मांजराहून मोठा असतो. मांजराला कच्चं मांस घालू नका, बस.

काही वेळा मात्र सकाळची वाट बघायची नसते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय, जोर लावतोय, थेंब येत नाही. लोक समजतात बद्धकोष्ठ झालंय. तो मूत्रमार्ग तुंबलेला असतो, रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. तुमच्याकडे बोका आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं, उलटीसाठी उबळ येते पण काही पडत नाही, तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशेब असतो. मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, आकडी पाच मिनिटांहून लांबली, नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी सुस्त पडली आणि पाणी खूप पिऊ लागली (गर्भाशयात पू झालेला असू शकतो), हे सगळं लगेच दाखवायचं. उष्माघातात आधी थंड करा, मग न्या: साधं पाणी ओता, पंखा लावा, निघताना गाडीतही ओलं ठेवा.

मांजराला माणसाची तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणाच मांजरात तोकडी आहे. एक गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्यांना आयब्युप्रोफेनही नको. चॉकलेट, द्राक्षं-मनुका, कांदा-लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला च्युइंगगम ही कुत्र्यांची विषं. घरात लिलीची फुलं आणि मांजर एकत्र ठेवू नका, परागकण चाटले तरी किडनी जाते. विष खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट येतं. जे खाल्लं त्याचं पाकीट घेऊन निघा आणि वाटेतून फोन करा. फोन जवळच्याच दवाखान्यात करा. सलाईनची सुई लावून, श्वास सावरून तिथला डॉक्टर पुढे पाठवू शकतो. रात्री त्याचा फोन बंद असतो का, बंद असेल तर तो कुणाकडे पाठवतो, हे आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. एकट्या डॉक्टरलाही झोप लागते, त्यात गैर काही नाही. पर्यायाचा नंबर तयार असला की झालं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून औषध विचारणाऱ्यांवर मी पूर्वी चिडायचो, आता चिडत नाही, पण फोटो कामाचा हवा. लंगडणाऱ्या कुत्र्याचा फोटो बघून काय करणार? चालतानाचा व्हिडिओ पाठवा, बाजूने आणि मागून. खोकल्याचा, आकडीचा व्हिडिओ तर सोन्यासारखा, कारण दवाखान्यात आल्यावर प्राणी हमखास ते करत नाही. झोपेत असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते ते मोजून कळवा. तिसाच्या वर सतत जात असेल तर मला लगेच बघायचंय.

पैशांचं आधी बोला. अंदाज विचारणं यात कमीपणा नाही, आणि आपली मर्यादा सांगणं यातही नाही. मर्यादा कळली की कुठली तपासणी आज हवी आणि कुठली दोन दिवस थांबू शकते हे डॉक्टर ठरवू शकतो. न सांगता अर्ध्यावर उपचार सोडले की प्राण्याचे हाल होतात आणि आधीचा खर्चही वाया जातो. शेवटच्या दिवसांचंही तसंच: असाध्य आजारात प्राण्याला शांतपणे मरण द्यायचं का, घरी येणार का, आधी गुंगीचं इंजेक्शन देणार का, हे रडत-रडत टेबलाशी ठरवण्यापेक्षा थोडं आधी, डोकं शांत असताना विचारून ठेवा. डोळे नंतरही उघडे राहतात, एखादा उसासा निघतो. हे माहीत असलं की माणूस दचकत नाही.

पहिल्या भेटीला दुपारची, गर्दी नसलेली वेळ मागून घ्या. पिल्लू आणि बोका एकाच दिवशी नेऊ नका. पिल्लाची त्या सकाळची ताजी शी झाकणाच्या डबीत, सुपारीएवढी पुरे. बोक्याच्या आधीच्या लसींचे कागद, असतील तसे, फाटके का असेनात. सध्या चालू असलेल्या औषधांची आणि खाण्याची पाकिटं, किंवा त्यांचे फोटो. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप) असेल तर तिचा 15 आकडी नंबर. नसेल तर त्याच भेटीत विचारा, आणि बसवलीत तर आपला फोन नंबर त्या नोंदीला स्वतः जोडून घ्या, कारण नंबर न जोडलेली चिप वाचूनही कुणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही.